जपानचा पंतप्रधान ठरवायचं कोण आणि घरी पाठवायचं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९०१ ते १९३२ या काळात जपानमध्ये संसद होती, पक्ष होते, निवडणुका होत होत्या, तरी सरकारं टिकत का नव्हती, पंतप्रधान नक्की ठरवायचं कोण, आणि याला लोकशाही म्हणायचं का. सोबत एक तक्रारही आहे की नावं डोक्यात बसत नाहीत, काटो दोन, कात्सुरा तीनदा, यामामोतो येतो, जातो, परत येतो.

पहिलं सांगते, यादी पाठ करू नका. मी पुण्यात वीसेक वर्षं हा विषय शिकवतेय. स्वतः विद्यार्थिनी असताना मी पण ती यादी पाढ्यासारखी घोकली होती, कात्सुरा, साइओंजी, कात्सुरा, साइओंजी, कात्सुरा अशी. तोंडी परीक्षेत सरांनी एवढंच विचारलं की तेराउचीचं नाव पुढे केलं कोणी? मी गप्प. तारखा सगळ्या येत होत्या पण ते येत नव्हतं. म्हणून आता वर्गात सांगते की प्रत्येक मंत्रिमंडळाला दोनच प्रश्न विचारा, याचं नाव सम्राटाच्या कानावर कोणी घातलं आणि याला खाली कोणी ओढलं. जून १९०१ ते मे १९३२ या एकतीस वर्षांत १९ मंत्रिमंडळं झाली, आणि दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'मतदार' असं जवळजवळ कधीच येत नाही.

का येत नाही ते संविधानातच आहे. १८८९ चं मेजी संविधान उघडा आणि त्यात 'पंतप्रधान' शब्द शोधा. सापडणार नाही. 'मंत्रिमंडळ' पण सापडणार नाही. मंत्रिमंडळाची पद्धत इतो हिरोबुमीने १८८५ मध्येच सुरू केली होती, पहिला पंतप्रधान तोच, आणि संविधानाचा मसुदा पण मुख्यतः त्याचाच, तरी शब्द नाही. कलम ५५ मध्ये फक्त इतकं आहे की मंत्री सम्राटाला सल्ला देतील आणि त्या सल्ल्याला जबाबदार राहतील, म्हणजे ज्याचा तो, एकेकटा. याचा व्यवहारात अर्थ असा की पंतप्रधानाला स्वतःच्याच मंत्र्याला काढता येत नाही, फार तर विनंती करता येते, आणि मंत्री अडून बसला तर सगळ्यांनी मिळून राजीनामा द्यायचा एवढाच मार्ग उरतो. वर कलम ११ म्हणतं की सैन्याचं आणि नौदलाचं सेनापतीपद सम्राटाकडे. म्हणजे सेनाधिकारी पंतप्रधानाला वगळून थेट सम्राटाकडे जाऊ शकतात. हे दोन धागे लक्षात ठेवा, पुढचा सगळा गुंता त्यातूनच झालाय.

मग पंतप्रधान निवडणार कोण? सम्राट निवडणार, पण सम्राट स्वतः होऊन नाव घेत नाही, तो 'गेन्रो' मंडळींना विचारतो. गेन्रो म्हणजे १८६८ च्या मेजी क्रांतीतले (जुनी सरदारशाही जाऊन सम्राटाच्या नावाने नवी सत्ता आली ती) जुने जाणते लोक, इतो, यामागाता आरितोमो, मात्सुकाता, इनोउए, ओयामा वगैरे, बहुतेक सगळे चोशू आणि सात्सुमा या दोनच संस्थानांमधले. यांचं पद कुठल्याही कायद्यात नाही. घरातले चार म्हातारे बसून लग्न ठरवतात तसं हे बसून पंतप्रधान ठरवायचे, आणि नवऱ्या मुलाला म्हणजे ज्याला पद मिळणार त्याला कधीकधी शेवटी कळायचं. बरं, पद मिळावं म्हणून रांग लागलेली असायची असंही नाही, १९०१ मध्ये इनोउए कावोरूला सांगितलं तर त्याला मंत्रीच जमवता आले नाहीत, मग कात्सुरा तारोचा नंबर लागला.

आता यामागाताची करामत. १८९८ मध्ये ओकुमा आणि इतागाकी या दोन पक्षनेत्यांचं मंत्रिमंडळ आलं होतं, चारेक महिन्यांत कोसळलं, पण यामागाताला धसका बसला की हे पक्षवाले उद्या सैन्यात हात घालतील. म्हणून १९०० मध्ये त्याने नियम पक्का करून घेतला की लष्करमंत्री आणि नौदलमंत्री हे प्रत्यक्ष सेवेतलेच जनरल किंवा ॲडमिरल पाहिजेत. वाचायला किरकोळ वाटतं, एखाद्या खात्याच्या सर्क्युलरसारखं. पण सेवेतला जनरल म्हणजे सैन्याच्या हुकमाखालचा माणूस. सैन्याने ठरवलं की आमचा माणूस देणार नाही, तर मंत्रिमंडळ अपुरं, आणि अपुरं मंत्रिमंडळ उभंच राहू शकत नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि नाक कुठे आहे ते यामागाताने कागदावर लिहूनच ठेवलं.

पहिली दहा-बारा वर्षं नाक दाबायची वेळ आली नाही कारण आपापसात समझोता होता. कात्सुरा चोशूचा जनरल, यामागाताचा माणूस. साइओंजी किन्मोची क्योतोच्या दरबारी घराण्यातला, दहा वर्षं फ्रान्समध्ये राहून आलेला, आणि इतोने १९०० मध्ये काढलेल्या सेइयुकाई पक्षाचा पुढे अध्यक्ष. या दोघांमध्ये खरा दलाल होता हारा ताकाशी, त्याच्यावर खाली येतेच. रशियाशी युद्ध चालू असतानाच हाराने कात्सुराशी बोलणी केली, तहाच्या अटी लोकांना आवडणार नाहीत हे दिसतच होतं, तर आमचा पक्ष संसदेत गोंधळ घालणार नाही, बदल्यात पुढची खुर्ची साइओंजीला. आणि तसंच झालं. सप्टेंबर १९०५ मध्ये पोर्ट्समथचा तह झाला, नुकसानभरपाई एक येन मिळाली नाही म्हणून हिबियाच्या मैदानातून दंगल पेटली, टोकियोत पोलीस चौक्या जाळल्या, मार्शल लॉ लावायला लागला, सेइयुकाई मात्र शांत. जानेवारी १९०६ मध्ये साइओंजी पंतप्रधान. मग आलटून पालटून १९१२ पर्यंत हेच. कात्सुराला लोक 'निकोपोन' म्हणायचे, निको म्हणजे गालात हसणं आणि पोन म्हणजे खांद्यावर थाप. समोरच्याला हसून थाप मारली की काम झालं, असा माणूस. त्याच्या तिन्ही कारकिर्दी मिळून २८८६ दिवस भरतात, हा विक्रम थेट २०१९ मध्ये शिंझो आबेंनी मोडला.

आता १९१२. यादीतलं एकच वर्ष नीट समजून घ्यायचं असेल तर हे घ्या. जुलैच्या शेवटी मेजी सम्राट गेला. सैन्याला कोरियासाठी दोन नवीन डिव्हिजन हव्या होत्या, साइओंजी म्हणाला तिजोरीत पैसे नाहीत. तर लष्करमंत्री उएहारा युसाकुने डिसेंबरमध्ये राजीनामा दिला, आणि तो पंतप्रधानाकडे न देता थेट नवीन सम्राटाकडे दिला. साइओंजीने दुसरा जनरल मागितला, सैन्याने दिला नाही. संपलं सरकार. संसदेत बहुमत साइओंजीकडेच होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही.

गेन्रोंनी बरीच नावं चाळली आणि शेवटी परत कात्सुरालाच आणलं, आणि इथे घोळ झाला. कात्सुरा तेव्हा राजवाड्यात नोकरीला होता, नव्या सम्राटाचा मुख्य दरबारी सल्लागार म्हणून, आणि दरबारातल्या माणसाने सरकारात यायचं नाही असा संकेत होता, तर त्याने बाहेर पडायला शाही फर्मानाचा आधार घेतला. वर नौदल पण अडून बसलं, आमचा मंत्री देत नाही म्हणे, तर तिथेही त्याने सम्राटाचं फर्मान काढून सैतो माकोतोला नौदलमंत्रीपदी राहायला लावलं. नंतर संसदेत अविश्वासाचा ठराव आला तेव्हा खासदार ओझाकी युकिओ उभा राहिला आणि बोलला की हे लोक सिंहासनाला तटबंदी करतात आणि फर्मानांच्या गोळ्या करून विरोधकांवर झाडतात. तारीख ५ फेब्रुवारी १९१३. सम्राटाचं नाव नुसतं उच्चारतानासुद्धा जिथे लोक सावध असायचे तिथे हे वाक्य! मला विचाराल तर त्या तीस वर्षांतलं जपानी संसदेतलं सगळ्यात जोरदार वाक्य हेच. कात्सुराने आणखी एक फर्मान आणून ठराव मागे घ्यायला लावायचा प्रयत्न केला, सेइयुकाईने दाद दिली नाही, बाहेर हजारो लोकांनी संसदेला वेढा घातला, सरकारधार्जिण्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या फोडल्या, आणि कात्सुरा गेला. नेमणुकीपासून धरून बासष्ट दिवस. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो वारला.

लोकांनी रस्त्यावर येऊन सरकार पाडायची ही पहिली वेळ, म्हणून पुस्तकात हे प्रकरण लोकशाहीच्या धड्यात येतं, आणि ते बरोबरच आहे. पण पुढचं बघा. जागी कोण आलं, तर यामामोतो गोन्नोह्योए, म्हणजे ॲडमिरल, सात्सुमाचा. चोशूच्या जनरलला लोकांनी हाकललं आणि फायदा झाला सात्सुमाच्या नौदलाला. तरी यामामोतोने एक मोठं काम केलं, १९०० च्या नियमातला 'प्रत्यक्ष सेवेतला' हा शब्द काढून टाकला, राखीव यादीतले म्हणजे निवृत्त अधिकारी पण चालतील असं केलं. सैन्य खूप चिडलं. (निवृत्त अधिकारी मंत्री मात्र त्यानंतरही कोणी केला नाही, फक्त दार उघडं राहिलं. हा मुद्दा शेवटी परत येणार आहे.) वर्षभरात सीमेन्स प्रकरण फुटलं, जर्मन कंपनीने नौदलातल्या अधिकाऱ्यांना कमिशन चारलं होतं, चौकशीत ब्रिटिश विकर्सचंही नाव निघालं, कोंगो या युद्धनौकेच्या ऑर्डरसाठी. वरिष्ठ सभागृहाने नौदलाच्या बजेटला कात्री लावली, यामामोतो गेला.

आणि आता माझा आवडता किस्सा. मार्च १९१४, गेन्रोंनी कियोउरा केइगोला बोलावलं. तो मंत्री जमवायला लागला, सगळं जमत आलं, आणि नौदलाने सांगितलं की जहाजांसाठी पैसे द्यायचं आधी कबूल करा मग मंत्री देऊ. ते काही त्याला जमेना, शेवटी त्याने नाद सोडला. या न जन्मलेल्या मंत्रिमंडळाचं नाव पडलं 'वामीच्या वासाचं मंत्रिमंडळ'. जपानमध्ये उनागी म्हणजे गोड्या पाण्यातली वाम, ती कोळशावर भाजताना वरून गोडसर सोया सॉसचा हात फिरवत राहतात, रस ठिबकून धूर होतो आणि त्याचा वास अख्ख्या गल्लीत पसरतो. टोकियोत अशा दुकानावरून मी उपाशीपोटी गेलेय, आत जायची ऐपत नव्हती, त्यामुळे कियोउराचं दुःख मला चांगलं कळतं. तो स्वतःच म्हणाला होता की वामीच्या हॉटेलसमोर उभं राहून वास घेतला, खायला काही मिळालं नाही. मग दहा वर्षांनी जानेवारी १९२४ मध्ये त्याला एकदाचं ताट मिळालं, तर पाच महिन्यांत लोकांनी उठवलं.

मधला ओकुमा पटकन उरकते. १९१४ ते १६, म्हातारा, एक पाय १८८९ च्या बॉम्बहल्ल्यात गेलेला, पण लोकप्रिय. १९१५ च्या निवडणुकीत स्टेशना-स्टेशनांवर गाडीच्या खिडकीतून भाषणं केली, भाषणाच्या रेकॉर्डी पण काढल्या, प्रचंड जिंकला, आणि ज्या दोन डिव्हिजनवरून साइओंजी पडला होता त्या सैन्याला देऊन टाकल्या. चीनला दिलेल्या एकवीस मागण्या पण याच सरकारच्या. नंतर त्याने आपल्या जागी काटो ताकाआकीचं नाव सुचवलं, गेन्रोंनी ते बाजूला ठेवलं आणि यामागाताचा जनरल तेराउची मासाताके आणला. (घ्या, माझ्या तोंडी परीक्षेचं उत्तर.) तेराउचीचं डोकं बिलिकेन नावाच्या तेव्हाच्या एका अमेरिकन बाहुलीसारखं होतं, टोकदार, म्हणून लोक त्याला बिलिकेन म्हणायचे, आणि त्यात कोटी अशी की 'हिरिक्केन' म्हणजे संविधानाला न जुमानणारा. त्याला घालवलं तांदळाने. १९१८ च्या उन्हाळ्यात भाव भडकले, तोयामा भागातल्या कोळणींनी उओझूच्या धक्क्यावर तांदूळ जहाजात चढू द्यायचा नाही म्हणून गर्दी केली, आणि तिथून ते लोण देशभर गेलं, सैन्य बोलवायला लागलं.

मग कुठे हारा. यामागाताला पक्षवाले आवडायचे नाहीत, त्याने आधी साइओंजीला गळ घातली, साइओंजीने नाही म्हणून हाराचं नाव दिलं, आणि देश पेटलेला असताना यामागाताकडे पर्याय नव्हता. २९ सप्टेंबर १९१८. हारा मोरिओकाचा, म्हणजे ज्या ईशान्येकडच्या संस्थानांना १८६८ च्या यादवीत चोशू-सात्सुमाने हरवलं तिथला. जिंकलेले लोक म्हणायचे की शिराकावाच्या उत्तरेला अख्खा डोंगर शंभर कवड्यांना मिळतो, इतकी भिकार जमीन. हाराने त्यातलाच 'एक डोंगर' उचलून हायकू लिहिण्याचं टोपणनाव केलं, इचिझान. सरदारकी त्याने शेवटपर्यंत घेतली नाही, त्यामुळे कनिष्ठ सभागृहाचा खासदार राहिला आणि 'सामान्य पंतप्रधान' म्हणून मिरवला. लष्कर, नौदल आणि परराष्ट्र सोडून बाकी मंत्री त्याच्या पक्षाचे.

पण हाराला संत करू नका, पुष्कळ जण करतात. मतदानाचा हक्क किती कर भरता त्यावर होता, हाराने १९१९ मध्ये तो दहा येनवरून तीन येनवर आणला, म्हणजे खेड्यातले जमीनदार आत, तेच त्याचे मतदार, आणि सर्व पुरुषांना मत द्या म्हणून विधेयक आलं तेव्हा संसदच विसर्जित केली आणि १९२० मध्ये ४६४ पैकी २७८ जागा घेऊन आला. रस्ता पाहिजे, बंदर पाहिजे, रेल्वे पाहिजे, तर सेइयुकाईला मत द्या, हे तंत्र. जपानीत स्वतःच्या शेतात पाणी ओढणं अशी म्हण आहे, लोकांनी त्यातलं पाणी काढून रेल्वे घातली, 'स्वतःच्या शेतात रेल्वे ओढणं'. आपण आपल्या पोळीवर तूप ओढतो, हाराच्या लोकांनी रूळ ओढले. त्याची डायरी ८२ वह्यांची आहे, कोण कधी भेटायला आलं, काय बोललं, मी काय उत्तर दिलं, सगळं कोरड्या भाषेत, एखाद्या सावकाराच्या वहीसारखं. या काळावर काम करणाऱ्या कुणाचंही त्या डायरीशिवाय पान हलत नाही.

४ नोव्हेंबर १९२१ ला क्योतोला पक्षाच्या सभेला निघालेला असताना टोकियो स्टेशनवर रेल्वेतल्याच एका पोरसवद्या कामगाराने त्याला भोसकलं. मारुनोउची दक्षिण दाराशी आजही फरशीत एक छोटी खूण आहे, तिकीट मशीनजवळ, बॅगा घेऊन लोक त्यावरून धावत जातात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खूण शोधायला पाऊण तास लागला आणि मी तिच्यावरच उभी होते.

तीन महिन्यांत यामागाता पण गेला. त्याच्या आधी तीन आठवडे ओकुमा गेला होता, त्याच्या अंत्ययात्रेला हिबियात माणसांचा समुद्र, आणि यामागाताला सरकारी इतमाम पण मांडवात जागा रिकाम्या. त्यानंतरचे तीन, ताकाहाशी, ॲडमिरल काटो तोमोसाबुरो आणि परत यामामोतो, यांच्यात फार अडकू नका. काटो पदावर असतानाच वारला आणि यामामोतोने १९२३ च्या भूकंपानंतर दुसऱ्या दिवशी शपथ घेतली एवढं पुरे.

आता 'लोकशाही होती का' याकडे येते. १९२४ ते १९३२ दोन मोठे पक्ष (एक सेइयुकाई, दुसरा केन्सेइकाई, ज्याचा पुढे मिन्सेइतो झाला) आलटून पालटून सत्तेत आले, १९२५ मध्ये पंचवीस वर्षांवरच्या सर्व पुरुषांना मत मिळालं, मतदार तेहेतीस लाखांवरून सव्वा कोटीच्या आसपास गेले (त्याच अधिवेशनात डाव्यांना चेपणारा शांतता-संरक्षण कायदा पण झाला, हे जोडीने लिहा). पण क्रम बघा. आपल्याला सवय आहे की निवडणूक जिंकली मग पंतप्रधान. तिथे उलट होतं, आधी पंतप्रधान व्हायचं आणि मग निवडणूक घेऊन जिंकायची. सरकार पडलं की साइओंजी, आता स्वतःच गेन्रो झालेला आणि त्यातला एकटाच उरलेला, ओकित्सुच्या समुद्रकाठच्या बंगल्यातून विरोधी पक्षाच्या नेत्याचं नाव कळवायचा, तो अल्पमतात असला तरी. मग तो संसद विसर्जित करायचा, गृहखातं आता त्याच्या हातात, गृहखात्याकडे गव्हर्नर आणि पोलीस, गव्हर्नर बदलून टाकायचे आणि निवडणूक घ्यायची. १९३० मध्ये मिन्सेइतोचा हामागुची असाच जिंकला, १९३२ मध्ये इनुकाई असाच जिंकला, ३०१ जागा. १९२८ मध्ये जनरल तानाकाला एवढं सगळं करूनही जेमतेम एक-दोन जागांची आघाडी मिळाली, हा अपवाद. विरोधकांनी निवडणूक जिंकून सरकार बदललं असं एकदाच, १९२४ मध्ये, कियोउराला उठवलं तेव्हा. म्हणजे ज्याला पक्षीय सरकारांचा काळ म्हणतात तो एका म्हाताऱ्याच्या सवयीवर उभा होता. सवय चांगली होती, पण कायदा नव्हता.

आणि पक्षांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला तो असा. १९३० मध्ये हामागुचीने लंडनचा नौदल करार केला, जहाजं कमी करायचा. नौदलातले कडवे म्हणाले की सेनापतीपद सम्राटाचं, कलम ११, सरकारने परस्पर आकडे ठरवले हा त्याचा भंग. हे त्यांनी म्हणावं, ठीक आहे, पण संसदेत तोच मुद्दा उचलून सरकारला झोडपलं कोणी, तर सेइयुकाईने, अध्यक्ष इनुकाई त्सुयोशी. तो इनुकाई ज्याने १९१३ मध्ये ओझाकीच्या खांद्याला खांदा लावून कात्सुराला पाडलं होतं. सरकार अडचणीत येतंय म्हटल्यावर त्याने सैन्याचं हत्यार हातात घेतलं. त्याच नोव्हेंबरात हामागुचीला टोकियो स्टेशनवरच गोळी लागली (त्याची पण खूण आहे, दुसरीकडे), विरोधकांनी हट्ट धरला म्हणून तो दुखणं अंगावर घेऊन संसदेत आला, आणि ऑगस्ट १९३१ मध्ये गेला. डिसेंबरात इनुकाई पंतप्रधान झाला. १५ मे १९३२ ला नौदलाचे तरुण अधिकारी त्याच्या घरात घुसले, तो म्हणाला बोललं तर समजेल, आणि त्यांनी गोळ्या घातल्या. साइओंजीने यानंतर पक्षनेत्याचं नाव दिलं नाही. त्याने दिलं ॲडमिरल सैतो माकोतोचं, हो तोच, कात्सुराने फर्मान काढून बसवलेला नौदलमंत्री.

आता तो १९१३ मध्ये काढलेला शब्द. फेब्रुवारी १९३६ मध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी केलेल्या बंडात सैतो पण मारला गेला, आणि मे महिन्यात सैन्याने 'प्रत्यक्ष सेवेतला' हा शब्द नियमात परत घालून घेतला, कारण काय दिलं, तर बंडामुळे निवृत्त झालेले जनरल मागच्या दाराने मंत्री होऊन येऊ नयेत म्हणून. जानेवारी १९३७ मध्ये जनरल उगाकीला मंत्रिमंडळ बनवायला बोलावलं. हा स्वतः अनेक वर्षं लष्करमंत्री राहिलेला माणूस, पण १९२५ मध्ये त्याने चार डिव्हिजन कमी केल्या होत्या, ते सैन्य विसरलं नव्हतं. राजवाड्याकडे जाताना वाटेत लष्करी पोलिसांचा प्रमुख त्याच्या गाडीत चढला आणि नकार द्या म्हणाला. उगाकी गेला, होकार देऊन आला, आणि जनरल शोधायला लागला. एकही मिळाला नाही. तो स्वतः जनरल होता, लष्करमंत्रीपद स्वतःकडे ठेवू शकला असता, पण निवृत्त होता, आणि नियमात तो शब्द आठ महिन्यांपूर्वीच परत आला होता.